ढेप्यात हात घालताना

प्रिय आप्पा,

तुमचा हातबाहुला ढेप्या कशाकशाचा बनलाय, ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. काल तुमच्या घरी काकींनी सांगितलं. जुन्या मोपेडच्या सीटचा स्पंज, गुळाच्या रंगाची फाटकी शाल, डोळ्यांना तुमच्या लग्नातल्या कोटाची दोन बटणं आणि तुमचा उजवा खांदा. बाकीचं सगळं अडगळीतलं होतं. खांदा तेवढा चांगला होता, तो गेला. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून, हात डोक्याच्या वर धरून तुम्ही टीव्हीवर पोरं हसवलीत, आणि म्हातारपणी भांग डाव्या हातानं पाडत होतात. मला वाटायचं, तुमची सवयच तशी.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. माइक द्या, दोन तास बोलतो. पण उद्या ओवीला घेऊन पुण्याला निघायचंय, परवा तिच्या कानाचं ऑपरेशन आहे, आणि मी घाबरलोय. घरात बोलायची सोय नाही. मुलगा धड जेवत नाही, सून देवापुढून उठत नाही. आजोबानं तरी धीराचं दिसायला पाहिजे ना? म्हणून दुकानात बसून तुम्हाला लिहितोय. तुम्ही आता कुणाला सांगणार?

ओवी, माझी नात. चार वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. आणि तिचा आजोबा कोण, तर दत्ता साउंडवाला, ज्याच्या कानातून काही सुटत नाही. हे मी स्वतःच सांगत फिरायचो. चालत्या मिरवणुकीत कुठल्या स्पीकरचा पडदा फाटलाय, ते मी टेम्पोत पुढं बसून सांगतो.

तुम्हालाही कानानंच ओळखलं होतं. लहानपणी वरवंडला आमच्या आळीत एकच टीव्ही. रविवारी ढेप्या यायचा. मला जागा मिळायची खिडकीबाहेर, तिथून दिसायची फक्त पुढच्यांची टाळकी. बाकीच्यांनी ढेप्या बघितला, मी ऐकला. बोलायच्या आधी तो नाकातून बारीक श्वास घ्यायचा. पुढं वीस-बावीस वर्षांनी मांडवगण फराट्याच्या शाळेत गॅदरिंगला माझी साउंड होती. पांढऱ्या टोपीचा एक माणूस माइकपाशी आला, बोलायच्या आधी तसाच श्वास घेतला, आणि मी हातातली वायर टाकून पळत आलो.

"ढेप्या का?"

"हळू बोल," तुम्ही म्हणालात, "लेकरं ऐकत्यात."

त्यानंतर कवठे येमाईला तुमच्या घरी किती फेऱ्या मारल्या. दरवेळी मी म्हणायचो, आवाज काढा. तुम्ही म्हणायचात, "दत्ता, येकदा चादरीमागं बस. हात बघ."

"हातात काय बघायचं, आप्पा? सगळी जादू गळ्यात हाय."

तुम्ही हसून चहा मागवायचात. मानगूट धरून का बसवलं नाहीत मला? तुमच्यावर एवढा एकच राग आहे.

ओवीला पहिल्यांदा आणलं तो दिवस आठवतो? ढेप्या चादरीवरून वर आला, भलतीकडंच बघितलं, मग लाजत तिच्याकडं वळला. तिच्या फ्रॉकचं बटण न्याहाळलं. मान तिरकी करून पुन्हा न्याहाळलं, जणू त्याचाच डोळा तिनं पळवलाय. पोरगी लोळून हसली. त्या दिवशी तुम्ही एकही शब्द बोलला नव्हतात, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पौषात तुम्ही गेलात. काकींनी ढेप्या पिशवीसकट ओवीला दिला.

डॉक्टर बाई म्हणाल्या, कानामागचं हाड कोरून मशीन बसवायचं. भूल द्यावी लागेल. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिचं आवडतं खेळणं घेऊन या, म्हणजे पोरगी घाबरायची नाही. मी ऐटीत म्हटलं, खेळणं कशाला, पाहुणाच आणतो.

मग तयारीला लागलो. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून ढेप्याचा आवाज घोटला. नाकातल्या श्वासासकट जमला. गेल्या रविवारी ओवीला समोर बसवलं. पिशवी उघडली, ढेप्या सोफ्यावर उताणा टाकला, बाही सारली आणि तिच्यादेखत त्याच्यात हात घातला.

तुम्ही किती वेळा बजावलं होतं? "पोरांम्होरं हात घालायचा न्हाई आन् काढायचा न्हाई. त्यांनी त्याला पडलेला बघायचा न्हाई." तुम्ही पाठ करून, पिशवीतल्या पिशवीतच हात घालायचात. मी ते कानाआड केलं होतं.

ओवी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती मागं मागं सरकली, भिंतीला टेकली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. आणि मी तिच्यापुढं तुमचा आवाज काढत होतो. अगदी हुबेहूब. जिला ऐकू येत नाही, तिच्यापुढं.

त्यानंतर नुसती पिशवी दिसली तरी ती आईच्या मागं लपायची.

आप्पा, भीती भुलीची आहेच. पण आणखी एक आहे, ती कुणाला सांगितली नाही. मशीनमधून आवाज कसा येतो, त्याचा नमुना मी मोबाइलवर ऐकला. फाटक्या कर्ण्यातून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू सवय होते, महिने लागतात. पण माझा पहिला शब्द तिच्या कानात असा जाणार? मी 'ओवी' म्हणणार, आणि ती परत तशीच भिंतीला टेकून माझ्याकडं बघणार?

काल न राहवून ओवीला आणि सुनेला घेऊन काकींकडं गेलो. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि पडवीत चादर बांधली. मी मागं, त्या माझ्या शेजारी पाटावर. ओवी पुढं आईच्या मांडीवर, तोंड पदरात.

"तुझं त्वांड कशाला हलतंय?" काकी म्हणाल्या. "मनगट हलव."

मी हलवलं.

"लगीच तिच्याकडं नगो बघूस. पाहुणा आल्या आल्या डोळं वटारून बघतो का? आधी लाजू दे त्याला."

ढेप्याला लाजवलं. मग त्याला चादरीचा काठ हुंगवला. दंडात कळ यायला लागली.

"काकी, हात भरून आला."

"मग? आमच्या ह्यांचा काय छताला टांगला व्हता?"

किती वेळ गेला, कळलं नाही. माझं सगळं ध्यान त्या मनगटात. काकी बास म्हणाल्या तेव्हा ढेप्या मी चादरीआडच पिशवीत घातला, पिशवीतच हात सोडवला आणि घामानं निथळत बाहेर आलो.

"बघितलं तरी का गं तिनं?"

सून पदरानं डोळे पुसत होती. "आबा, असं काय विचारता? केवढ्यानं हसली. दोनदा. शेजारच्या बाया बघायला आल्या."

भीती गेली असं सांगणार नाही. पण तुम्हाला शब्द देतो. परवा ढेप्या ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत येईल. आधी भलतीकडं बघेल, मग लाजेल, मग ओवीकडं वळेल. दार लागेपर्यंत माझा हात खाली येणार नाही, आणि ती परत येईल तेव्हा तो तिथंच वर असेल. खांद्याचं पुढं बघू.

आणि त्या माझ्या कानांचं म्हणाल, तर पोरगी माझ्यापासून चार हातांवर दोनदा मोठ्यानं हसली आणि मला ऐकू आलं नाही.

तुमचा,
दत्ता
दौंड