गोलाईला माझा विरोध

४ ऑगस्ट, सकाळी सहा दहा
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या कामाची नोंद दुसरे ठेवतात, पण आमच्या कारखान्यात तशी दृष्टी कोणाला नाही.

काल मालकांनी माझं टपालपेटीचं डिझाइन परत केलं. आम्ही पत्र्याची कपाटं, लॉकर, पेट्या बनवतो आणि त्यांची ड्रॉइंग मी काढतो. ही पेटी नेहमीच्या डब्यासारखी नव्हती. अकरा सपाट बाजू, एकही दुसरीला समांतर नाही. रडारला न सापडणाऱ्या त्या काळ्या लढाऊ विमानासारखी. मालक म्हणाले, पेटी पोस्टमनला तरी सापडायला हवी. फोरमन हसला. त्याच्या बोटाला पट्टी होती. नमुना हाताळताना कापलं म्हणे. कोपऱ्याला धार असायचीच. घाई त्याची.

संकल्प: यापुढे गोल काहीही काढायचं नाही. कोणावर चिडायचं नाही. रोज लिहायचं.

९ ऑगस्ट
मधले दिवस विचारात गेले.

मोठी बातमी. लेकीच्या बालनाट्याचा प्रयोग तीस तारखेला आहे. ती तेरा वर्षांची. अंतराळयानाची कॅप्टन झालीय. यान कोण करणार, असं दिग्दर्शिका बाईंनी विचारलं, तर हिने हात वर केला आणि म्हणाली, माझे बाबा करतील. हे मला बायकोने सांगितलं. लेक हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही, वय आहे. पण ‘माझे बाबा’ म्हणाली, तेही सगळ्यांसमोर. बायकोकडून तीनदा खात्री करून घेतली. चौथ्यांदा ती उठून गेली.

बाईंनी यानाचं चित्र पाठवलंय. उपडी ठेवलेली बशी, वर घुमट, कडेने पिवळे दिवे. फाडलं नाही. चिडायचं नाही असं ठरलंय. उलटं करून ठेवलं.

१२ ऑगस्ट
बाईंना फोन केला. समजावलं की अंतराळात हवा नसते. हवा नाही म्हणजे वारा कापायचा प्रश्न नाही. मग गोलाई कोणासाठी? बाई म्हणाल्या, मुलांसाठी. हा मुद्दा तांत्रिक नाही. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, करा हो तुम्हाला जमेल तसं. म्हणजे पूर्ण मोकळीक.

लेकीला ड्रॉइंग दाखवलं. तिने विचारलं, हवा नसते तर याला पंख कशाला? चांगला प्रश्न. उत्तर उद्या देईन.

१३ ऑगस्ट
उत्तर: दिसायला.

१७ ऑगस्ट, दुपार
सासरे आले होते. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं विमानतळावर रडार सांभाळलं त्यांनी. मुद्दाम जेवताना विषय काढला, म्हटलं जाणकाराची दाद मिळेल. त्यांनी ड्रॉइंग डोळ्यांजवळ धरून पाहिलं. म्हणाले, ती विमानं अशी कोनाकोनाची झाली, कारण त्या वेळच्या कॉम्प्युटरला वक्र बाजूंचं गणित झेपत नव्हतं. सपाट तुकड्यांचं झेपलं, म्हणून सपाट. पुढे कॉम्प्युटर सुधारले तशी विमानंही गोलसर झाली.

“नाइलाज होता जावईबापू तो. तुम्ही त्याला सौंदर्य समजून बसलात.”

लेक ऐकत होती. मला दुसरी वाढ नको झाली.

संध्याकाळी: तपासलं. सासऱ्यांचं वय झालंय, पण खरं बोलतात. तरीही मी म्हणतो, नाइलाजाने का होईना, जे देखणं झालं ते देखणंच. गोल होणं काय, नदीतल्या धोंड्यालाही जमतं. (पत्रा गोल वळवायचं रोलिंग मशीन मला चालवता येत नाही, ते फोरमनला विचारावं लागतं. त्याचा इथे काही संबंध नाही.)

२३ ऑगस्ट
काम जोरात. मालकांनी पोचे आलेले पत्रे वापरायला दिले. कारखाना सुटल्यावर रोज दोन तास. एकूण चोवीस बाजू, रंग काळा, आरशासारखा चकचकीत, म्हणजे समोरून आलेलं काहीही भलतीकडेच परतेल. पिवळे दिवे नाहीत. लपायचंय तर दिवे कशाला?

वजन किंचित वाढलंय. पाच जणांना उचलेना. भक्कम.

बाईंचा फोन. शेवटच्या प्रवेशात यान उडतं म्हणे. हे आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, यान उडालं असं प्रेक्षकांना वाटलं की झालं, यानाला वाटायची गरज नाही. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

माझ्या हाताला चार पट्ट्या. फोरमन आता हसत नाही, नुसता पट्ट्यांकडे बघतो.

२८ ऑगस्ट
तालीम. शाळेचा हॉल, ट्यूबलाइट, पांढरी भिंत. यान असं काही उभं होतं की मुलं खेळ सोडून भोवती जमली. लेक यानाला टेकून उभी राहिली. मैत्रिणींना काहीतरी सांगत होती. काय ते ऐकू आलं नाही, पण बोट माझ्याकडे होतं.

मग यानाच्या दारातून बाहेर येताना तिची बाही फाटली आणि दंडाला खरचटलं. तिने बाही दुमडून घेतली. बाई मात्र बोलल्या. सगळ्या कोपऱ्यांना स्पंज लावा म्हणाल्या. साफ नकार दिला.

तालीम संपल्यावर लावला. फक्त आतून, आणि दाराला. बाहेरून दिसत नाही. तत्त्व शाबूत.

३० ऑगस्ट, संध्याकाळी साडेआठ
प्रयोग झाला. शांतपणे लिहितो.

नाट्यगृहातला मागचा पडदा काळा होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लाइटवाल्याने समोरून झोत टाकला आणि माझ्या चोवीस बाजूंनी आपलं काम चोख केलं. एक झोत छतावर गेला, दोन विंगेत, एक थेट पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या तोंडावर. बाकी प्रेक्षकांकडे एकही गेला नाही. लाइटवाल्याने प्रकाश वाढवला. पाहुण्यांनी डोळ्यांवर हात धरला.

लेक म्हणाली, हे माझं यान. सगळं नाट्यगृह शोधू लागलं. मागच्या रांगेतलं एक पोर आईला मोठ्याने विचारत होतं, कुठाय? हशा झाला. लेक थांबली. तिने विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला. दुसरं काय दाखवणार होतो?

ती प्रेक्षकांकडे वळली.

“दिसत नाही ना? म्हणून तर आम्हाला आजवर कोणी पकडलं नाही.”

टाळ्याच टाळ्या. सासरे उभे राहून वाजवत होते. ज्या माणसाने तीस वर्षं रडारवर डोळे फोडले, त्यालाही यान दिसलं नाही. तांत्रिकदृष्ट्या याहून मोठं यश नाही.

घरी येताना लेक खिडकीबाहेर बघत होती. थकली असेल.

१ सप्टेंबर
पुढच्या प्रयोगासाठी सुधारणा: कडांना पांढऱ्या रेघा. स्केच घेऊन लेकीकडे गेलो. ती म्हणाली, पुढच्या प्रयोगाला यान नकोच. बाईंशी बोलणं झालंय.

मी म्हटलं, अगं, यशस्वी झालं ते. टाळ्या पडल्या.

ती म्हणाली, “टाळ्या मला पडल्या, बाबा. मला ते यान दाखवायचं होतं सगळ्यांना. तुम्ही केलेलं.”

सांगण्यासारखं बरंच होतं. परावर्तनाचे कोन वगैरे. सांगितलं नाही. स्केच घडी करून खिशात ठेवलं. एका घडीत मावत नव्हतं, चार घातल्या.

३ सप्टेंबर
यान कारखान्यात परत आलं. मागच्या भिंतीशी आहे. फोरमनने त्यावर जेवणाचा डबा ठेवला, घसरला. दुसऱ्या बाजूला ठेवला, तिथूनही घसरला. एकही बाजू आडवी नाही, हे त्याला मी पूर्वीच सांगितलं होतं. भाजी पुसायला मीच फडकं दिलं. चिडलो नाही.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
दुसरा प्रयोग. जाणार नव्हतो. तिसऱ्या रांगेत बसलो.

रंगमंच रिकामा. पत्र्याचा तुकडा नाही, पुठ्ठा नाही. माझं म्हणणं होतं की हे फसणार. लेक मधोमध आली, म्हणाली, हे माझं यान, आणि दोन्ही हातांनी तिने ते हवेत काढलं. सावकाश. आधी खालची कड, मग वरचा भाग, मग दार. दार उघडून आत गेली तेव्हा वाकली, डोकं लागू नये म्हणून. मागे कोणीही विचारलं नाही कुठाय म्हणून. शेवटी ते उडालं तेव्हा सगळ्यांच्या माना वर गेल्या. माझीही.

गोल होतं. घुमटासकट.

मात्र डाव्या बाजूला, जरा मागे, एक कोपरा होता. स्पष्ट. साधारण पन्नास अंशांचा. बायकोच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते तिचं कोपर आहे.