सोजराबाईची घोडी

नागपूर, १२ जानेवारी १९६३

ती. अक्कास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

तुझी वांगी पोचली. खोलीतल्या मित्रांनी भरीत केले आणि मला वाटीभर ठेवले, हेही उपकारच.

आमच्या इस्पितळाच्या संशोधन विभागात ज्यावर काम चालले होते ते आता पुरे झाले. पुन्हा नीट सांगतो, कारण मागच्या खेपेस तू तो पलंग समजली होतीस. लकवा झालेल्या किंवा गुडघे गेलेल्या माणसाची आपल्याकडची खरी अडचण चालण्याची नाही, जमिनीवरून उठण्याची आहे. विलायती साधने खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेली. आपले जेवण, झोप, पूजा सगळे खाली. म्हणून आम्ही लाकडाची एक चौकट केली. तिला खाली, मध्ये आणि वर अशा दांड्या. बसल्या जागी खालची धरायची, गुडघ्यावर येऊन मधली, उभे राहिले की वरची. मग तीच पुढे ठेवत चालायचे. वॉर्डातली पुष्कळ माणसे कुणाचा हात न धरता उठली.

आता निकाल छापून येईल आणि चौकट कपाटामागे जाईल. डॉक्टरसाहेबांनी मुंबईच्या एका कंपनीला विचारले होते. त्यांनी कळवले की म्हाताऱ्यांना उठवायला आपल्याकडे घरोघरी सुना आहेत, तेव्हा हा माल खपणार नाही. साहेब म्हणतात की आपले काम शोधण्याचे, विकण्याचे नव्हे. त्यांचे चुकत नसेल, पण मला अन्न गोड लागत नाही.

भाऊजींना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना, मावशींना, दंडवत. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
वामन


वडनेर भोलजी, २३ जानेवारी १९६३

चि. वामन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही सारे बरे आहोत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

त्या कंपनीला माझ्या नावाने कळव की सून इथे वडनेरात आहे आणि तिला मळाही आहे. दसऱ्यापासून सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली, हाताला तेवढी थोडी पकड आहे. तुझे भाऊजी मोटेवर, मी भाजीत. सकाळी त्यांना उठवते, न्हाणीत नेते, परत निजवते आणि जाते. परवा मला एक गोष्ट कळली. त्या दुपारी पाणी पीतच नाहीत. तांब्या उशाशी भरलेला असतो तसाच राहतो. का म्हणून विचारले तर तोंड फिरवून घेतले. मग म्हणाल्या की पाणी पिलं की बाहेर जावं लागते, अन् बाहेर न्याले कोणी नसते.

ज्या बाईने सगळा मळा ओलिताखाली आणला, ती घोटभर पाण्याला भिते. मी मळ्यात जाऊन वांग्याच्या सरीत बसून रडले आणि मग उठले. माझे उठणे सोपे आहे.

तुमचा निकाल छापा, त्याला माझे काही म्हणणे नाही. पण एक चौकट नांदुऱ्याच्या स्टेशनवर टाक. साहेबांना विचारून टाक, चोरून नको.

जेवत जा. लोभ कमी करू नको.

तुझी,
अक्का


वडनेर भोलजी, १० मार्च १९६३

चि. वामन यास,
आशीर्वाद आणि एक बातमी.

चौकट आली. हे बैलगाडीवरून घेऊन आले, तर वाटेत लोकांनी विचारले की उकंडराव, गोऱ्ह्याला खोडा केला का. सासूबाईंनी पाहिली मात्र, मला म्हणाल्या की मले तिरडीवर चढवाची एवढी घाई झाली काय. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. मी तिच्यावर लुगडी वाळत घातली आणि ती त्यांच्या पायाशी उभी ठेवली.

काल मळ्यातून आले तर अंथरूण रिकामे.  पाहते तर सासूबाई चुलीपाशी बसलेल्या, शेजारी चौकट उभी, आणि माझी ओली लुगडी बाजूला नीट घडी करून ठेवलेली. मला म्हणाल्या की वरण उतू जाऊन राह्यलं, अन् तू दारात उभी राहून काय पाह्यते.

त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या रिकामा होता.  आता त्या तिला घोडी म्हणतात.

तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांग. घरच्या माणसासारखा जीव लावत राहा.

तुझी,
अक्का


नागपूर, ८ एप्रिल १९६३

ती. अक्कास,
वामनचा शि. सा. न.

भाऊजींचे कार्ड मिळाले. मावशी पडल्याचे आणि मनगट मोडल्याचे वाचले. मलकापूरला प्लास्टर झाले हे बरे झाले. उंबरठ्याला चौकटीचे पाय अडकले आणि त्या पुढे गेल्या, असे भाऊजी लिहितात. अक्का, आमच्या वॉर्डात उंबरठा नाही. गुळगुळीत फरशी आहे. तुमच्याकडे शेणाने सारवलेली खालीवर जमीन, अरुंद दारे. आम्ही खेड्यातल्या घराचा विचारच केला नव्हता. साहेबांनाही हे सांगितले.

आता हा नाद पुरे. मावशींच्या जिवावर प्रयोग करण्याचा मला अधिकार नाही. चौकट परत पाठव, किंवा भाऊजी म्हणतात तशी चुलीत घाल.

मावशींची क्षमा कोणत्या तोंडाने मागू. राग आला तरी विसरू नको.

तुझा,
वामन


वडनेर भोलजी, १६ एप्रिल १९६३

चि. वामन यास,
अनेक आशीर्वाद. चौकट परत येणार नाही आणि चुलीतही जाणार नाही.

यांनी खरेच कुऱ्हाड काढली होती. सासूबाईंनी अंथरुणातून आवाज दिला की उंबरठा आडवा आला तर राग उंबरठ्यावर काढ, माह्या घोडीवर काऊन काढतो. हे कुऱ्हाड ठेवून मळ्यात निघून गेले. मला त्यांचाही राग येत नाही. आई पडलेली त्यांनीच उचलली होती.

तू क्षमा मागतोस, ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे की पडाले मी काही पह्यल्यांदा पडली नाही. निजून निजून मरणं मात्र मले जमत नाही, तवा पोराले म्हणा रडू नको, घोडी नीट कर.

आपल्या गावी कचरू आहे. बौद्धवाड्यात त्याचे दुकान. भुसावळला रेल्वेत सुतारकाम करून आला आणि दीक्षा घेतल्यापासून गावकीचे काम सोडून फक्त सुतारकी करतो. त्याने चौकट पाहिली. तो म्हणतो की मी पाय बदलून देईन, पण माणसाचा भार कुठे किती पडतो ते मला कळत नाही, ते ज्यांनी केले त्यांनी येऊन सांगावे. तेव्हा रजा काढ आणि ये. तुला जे माहीत आहे ते त्याला नाही, त्याला जे माहीत आहे ते तुला नाही, आणि पडणे कसे असते ते फक्त सासूबाईंना माहीत. तिघे एका ओट्यावर बसा.

वाट पाहते. माया धर.

तुझी,
अक्का


नागपूर, ३० जून १९६३

ती. अक्कास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या घरचे दिवस अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. कचरूभाऊने पाय बाहेर फाकवले, त्यांना टायरच्या रबराचे तळवे लावले, उंबरठ्याला अडणारी खालची आडवी पट्टी काढून वर घेतली, आणि मी भाराचे गणित पुन्हा करत बसलो. मावशी प्लास्टरमधून नुकताच सुटलेला हात झोळीत ठेवून आम्हा दोघांना रागावत होत्या. एवढा चांगला तपासनीस आमच्या विभागात नाही.

नवी चौकट साहेबांना दाखवली. ते स्वतः जमिनीवर बसले आणि तिच्या आधाराने उठले. मग निघताना तू सांगितलेले मी मांडले की ही खेड्यातच बनावी आणि खेड्यातच विकली जावी, इस्पितळाने भागीदार व्हावे. ते म्हणाले की इस्पितळाला दुकान काढता येत नाही, पण ज्ञान कुलपात ठेवा असेही कुणी सांगितलेले नाही. वरून लेखी परवानगी मिळवतो म्हणाले. त्यांच्या अटी अशा की शिकवल्याशिवाय कुणाच्या घरी चौकट ठेवून यायचे नाही, कुणी पडले तर लपवायचे नाही, ताबडतोब कळवायचे, आणि इस्पितळाच्या नावाची जाहिरात करायची नाही. मी तुझ्या वतीने हो म्हणून आलो.

आता विकणार कोण, हे तू पाहा. मला दुकानदारीतले ओ की ठो कळत नाही.

सर्वांना नमस्कार. लहान भावाला आठवणीत ठेव.

तुझा,
वामन


वडनेर भोलजी, १५ सप्टेंबर १९६३

चि. वामन यास,
अनेक आशीर्वाद.

अटी सगळ्या कबूल. विकणार कोण, याचे सांगते.

आधी जळगाव जामोदला अर्जुनरावांकडे गेले. त्यांचे शेतीच्या अवजारांचे दुकान मोठे, माणूस बोलायला गोड. घोडी त्यांना पसंत पडली. पण म्हणाले की पाटीवर नाव माझे एकट्याचे, कचरू माल करून मागच्या दाराने आणून देईल, भागीदारीच्या कागदावर त्याचे नाव लागले तर गिऱ्हाईक बिचकेल. आणि शिकवायला घरोघरी जाणे म्हणजे रिकामा उद्योग. मी म्हटले की ज्याच्या हाताची घोडी धरून माझी सासू उभी राहते, त्याचे नाव धरायला मी बिचकत नाही. चहा अर्धा टाकून उठले. एसटी सुटलेली, पुढच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसले. मन खचले होते, खोटे कशाला सांगू.

तिथे झुंबरबाई कासारीण बसलेली, बांगड्यांची पेटी घेऊन. तिने विचारले म्हणून सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग बोटांवर मोजत सांगायला लागली की जामोदच्या वाटेवर अमक्याची आई निजून आहे, नांदुऱ्यात तमक्याचा बाप, मोताळ्याकडे एक तरणी बाई बाळंतपणापासून बसून सरकते. वामन, दुकानदाराला गिऱ्हाईक दारात आलेले दिसते. बांगड्या भरणारीला आतल्या खोलीतले दिसते. पडद्यामागे कोण निजले आहे ते तिच्याइतके कुणालाच माहीत नाही.

काल आमच्या ओट्यावर कागद झाला. कचरू घडवणार, झुंबरबाई घर दाखवणार, मी शिकवणार. तिघांची नावे सारख्या अक्षरात. तू पाठवलेले इस्पितळाचे परवानगीचे पत्र त्याला जोडले. तुझे भाऊजी साक्षीदार म्हणून सही करून गेले, आणि विकायच्या पहिल्या घोडीचे लाकूड आपल्या बांधावरच्या बाभळीचे आहे.

साहेबांना कळव. आम्हांवर जीव असू दे.

तुझी,
अक्का


वडनेर भोलजी, २ फेब्रुवारी १९६४

वामन बापूस सोजराबाईचा आशीर्वाद. पत्र कचरू लिहून देऊन राह्यला. मी सांगतो तसंच लिहिजो म्हणून त्याले बजावलं हाये.

तुही बहीण घरी नाही. झुंबरबाईसंग वडनेरच्या खालच्या आळीत गेली. मी कचरूच्या दुकानात आली, घोडी धरून, माह्या पायानं. वरची दांडी हाताले घासते, ते दाखवाले आली. त्याच्या घरचा चहा पेली. येतानी दोन बायांनी काहीबाही म्हटलं असन. मले आताशा कमी ऐकू येते.

तुले सांगाचं ते येगळंच. मागच्या मंगळवारी रोहिणखेडले एका म्हाताऱ्या मियाँच्या घरी गेलो. मशिदीच्या अंगानं घर हाये. गुडघे गेले तवापासून बिचारा खाटेवर बसून नमाज पढे. तुह्या बहिणीनं त्याले घोडी कशी धराची ते सांगतलं. तो म्हणे की नाही बेटी, गिर जाऊंगा. त्याच्या लेकानं सांगतलं, सुनेनं सांगतलं, तो काही खाली उतरेना. म्या पाह्यलं, अन् मीच त्याच्या समोर जमिनीवर बसली. त्याले म्हटलं की मीबी पडली, हे पाह्य मनगट, वाकडं जुळलं हाये. पाह्यजो आता. अन् उठली. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली. तवा तो खाली उतरला. माथा टेकला, अन् घोडीच्या दांड्या धरत धरत आपल्या आपण उभा झाला.  तो म्हातारा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

तवापासून झुंबरबाई म्हणते की जिथं जाऊ तिथं मले न्याचं. तुह्या बहिणीचं शिकवणं चांगलं, पण ती कधी पडली नाही. लोकाईले पडलेलं माणूस पाह्याले पाह्यजे. उकंडा नाही म्हणत होता. म्या त्याले म्हटलं की बाप्पा, तुले वाढवलं तवा घर उघडं टाकूनच मळ्यात जात होती, आता काय नवीन झालं.

तुह्या साहेबाले सांगजो की आमच्याकडून कोणी पडलं नाही. पडलं तर कळवू, लपवणार नाही.

सोमवारी नांदुरा, मंगळवारी मोताळ्याकडं त्या तरण्या बाईच्या घरी, बाजाराच्या दिवशी जळगाव जामोद. तवा लेका, येशीन त आधी कार्ड टाकजो. नाहीत दाराले कुलूप दिसन, अन् मी कुठं गेली ते कोणालेच ठाव नसन.

तुही माया माह्यावर, माह्यी तुह्यावर, अशीच राहो.

सोजराबाई