लिंबोणीखालचा हौद

४ सप्टेंबर १९९५, सोमवार

आले एकदाची! निमगाव केतकीच्या पुढे दोन कोसांवर ही वस्ती. घर बघून जीव हरखला. कऱ्हाटीच्या उपकेंद्रात पत्र्याच्या खोलीत तीन उन्हाळे भाजून निघाले होते. इथे दोन खोल्या, पुढे बाग, मोगरा, लिंबोणी आणि तिच्या सावलीत सिमेंटचा हौद. हे सगळं जयवंतामुळे. नर्सच्या ट्रेनिंगला आम्ही तिघी एका खोलीत होतो: मी, जयवंता आणि आमच्यात धाकटी, नकोशी. जयवंताचं सासर कऱ्हाटीजवळ, म्हणून आपसी बदलीचं तिनेच सुचवलं. तिचं पत्र जपून ठेवलंय: ‘प्रिय प्रियदर्शनी, घर ऐसपैस आहे, मालकीण आईसारखी आहे, डोळे झाकून ये.’

चार्ज देताना ती फारच वाळलेली दिसली. निघताना मला हौदापाशी घेऊन गेली. पाणी किती नितळ आहे बघ, हात तर घाल, म्हणाली. घातला. गारेगार! तिने हुश्श केलं, मिठी मारली आणि ढसाढसा रडली. वेडी कुठली.

७ सप्टेंबर, गुरुवार

आज कोरडा दिवस. घरोघरी घागरी-रांजण पालथे करायला लावायचे, डासांच्या अळ्या शोधायच्या आणि भिंतीवर गेरूने तारीख घालून सही करायची. मालकीण प्रयागबाईंनी माझ्याआधी उठून सगळी भांडी वाळत घातली होती. हौदाचं मात्र नाव काढू देईनात. “त्यो न्हाय उपसायचा, बाई. जयवंताबाईंनीबी कधी उपसला न्हाय.” भिंतीवर दर गुरुवारी जयवंताची सही, शेजारी ‘अळ्या: निरंक’.

निरंक म्हणे! बाईसाहेबांचे डोळे गेले होते काय? हौद बुजबुजलाय. तांदळाएवढ्या, पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या. असल्या अळ्या मी कधी पाहिल्या नाहीत. सावली पडली की डासांच्या अळ्या खाली बुडी मारतात. या माझ्या सावलीकडे वर आल्या.

११ सप्टेंबर

काल हौदात वीस गप्पी मासे सोडले. आज एकही नाही. अळीनाशक टाकलं, तेही पचलं.

प्रयागबाई मात्र माहेरवाशिणीसारखे लाड करतात. सकाळी गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दुपारी पालक, संध्याकाळी खजूर. रक्त वाढतं, खावा, म्हणतात. हे सगळं मी गरोदर बायकांना सांगते! हसून हसून पुरेवाट झाली.

१५ सप्टेंबर

भर दुपारी भानावर आले तर मी हौदाच्या काठावर. डावा हात मनगटापर्यंत पाण्यात. कशी आले, आठवत नाही. पाचही बोटांना त्या लटकलेल्या, आता लालबुंद.

प्रयागबाई दारात उभ्या होत्या, हातात लाडवांची ताटली. त्यांनी हाक मारली नाही.

१८ सप्टेंबर

आरशात पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. रक्तवाढीच्या गोळ्या शोधायला कपाट उचकलं, तर तळाशी जयवंताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. दोन वर्षांची. म्हणजे तिला सगळं—

प्रयागबाईंना धरून विचारलं. त्या रडल्या, पण लपवलं नाही. “तुमी रगत न्हाय दिलं तर त्या आमच्या लेकरांवर उठत्यात. दोन गेली. तवापास्नं नर्सबाईच देत्यात.” वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुमी लई गुणाच्या, म्हणाल्या.

२२ सप्टेंबर

एस.टी.ने कऱ्हाटीला गेले. जयवंताच्या गालांवर रंग चढलाय. तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. खाली मान घालून सांगत होती की तिलाही कुणी असंच बोलावलं होतं. दुसरीने आपण होऊन हात घातल्याशिवाय पहिली सुटत नाही. पळून उपयोग नाही, त्या मागे येतात. पाण्याचा पेला तिने लांबूनच सरकवला. मी उचलला, आत पाहिलं. तांबूस डोकी. माझ्याकडे वळलेली.

हिला विषमज्वर झाला तेव्हा माझ्या ताटातली पेज मी हिला भरवली होती. केसाने गळा कापलास गं, जयवंता.

२८ सप्टेंबर, गुरुवार

जिना नाही तरी धाप. चार घरं झाली आणि बसले. आपल्या भिंतीवर तारीख घातली. सही. अळ्या: निरंक. मीच लिहिलं. माझ्याच हाताने.

२ ऑक्टोबर

नकोशीचं पत्र. पिंपळीला आहे, खोली गळते, बोलायला कुणी नाही. आईबापाला नको होती म्हणून हे नाव. तिला कुणी बोलावलं की ती धावत येते, कुणीही, कुठंही—

नाही. तिला नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

उभं राहवत नाही. हौद मात्र तुडुंब.

नुसती खुशाली कळवते. तेवढंच. त्यात काय—

‘प्रिय नकोशी, घर ऐसपैस आहे, मालकीण आईसारखी आहे, डोळे झा