एकोणीस मिनिटांनंतरचं सूप

प्रिय दादा,

आधी घडलेलं क्रमाने लिहिते. मधेच चिडून कागद बाजूला ठेवलास तरी मुद्द्याचं वाचून झालेलं असेल.

१. मागच्या महिन्यात नऊ तारखेला दुपारी मी तुझ्या हॉटेलात जेवले.
२. बारा तारखेला एका ब्लॉगवर तुझ्या हॉटेलाबद्दल लेख आला. कांद्याचं सूप कोमट, सत्तेचाळीस अंश, असं त्यात होतं.
३. तू तो लेख मला फोनवर वाचून दाखवलास.
४. पंधरा तारखेपासून सूप बंद केलंस.
५. तो ब्लॉग मी लिहिते.

चार वर्षं लिहिते आहे, नाव न देता. घरात कुणालाच माहीत नाही. कामावर दिवसभर दुसऱ्यांची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे तपासते, बाहेर जेवायला गेले की तेच करते. वाटी समोर आली की मिनिटभराच्या आत थर्मामीटर बुडवायचा, मग चव घ्यायची, मग मत. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तो या शिस्तीमुळे, आणि तो फुकट मिळालेला नाही. तुझ्याकडे आले तेव्हा एकच ठरवलं होतं, भाऊ म्हणून कणभरही सूट द्यायची नाही.

फोनवर तू त्या लेखकाला बरंच काही म्हणालास. हा कोण शहाणा लागून गेला, जेवायला येतो की ताप बघायला, वगैरे. मी हं हं करत राहिले. आचाऱ्याला झापल्याचं सांगितलंस, तो बिचारा वाटी उकळत्या पाण्यातून काढून मगच सूप ओततो हे माहीत असूनही. मग तुझा आवाज एकदम खाली आला. "अकरा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात राबलो गं. मलाच कळत नसेल का, गरम काय नि गार काय?"

त्या प्रश्नावर मी फोन ठेवला आणि त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. सुपाचा फोटो एक वाजून सहा मिनिटांचा. थर्मामीटरच्या मेमरीत आकडा एक पंचवीसचा. मधली एकोणीस मिनिटं तू माझ्या समोर बसला होतास. खुर्ची उलटी फिरवून, खांद्यावर फडकं टाकून. मी एकटी राहते तर काय खाते, झोप लागते का, चष्म्याचा नंबर वाढला का, बाबांना मी आठवड्यातून एकदा तरी का नाही फोन करत. दोनदा म्हणालास, "खा आधी, गार होतंय," आणि दोन्ही वेळा पुढचा प्रश्न विचारलास. तुझ्यादेखत पिशवीतून थर्मामीटर काढता येईना, म्हणून मी वाट बघत बसले. तू आत गेलास तेव्हा मोजलं, आणि आकडा लिहिला. वेळ लिहिली नाही. कामावर कुणी असं टिपण आणून दिलं असतं तर मी ते तोंडावर परत केलं असतं.

सूप गार नव्हतं. मी ते गार होऊ दिलं. उद्या सकाळपासून ते परत सुरू कर, आणि आचाऱ्याची माफी तुझी तू माग. त्याच लेखात कॉफीबद्दल लिहिलेलं माझं मत मात्र कायम आहे. ती जळकीच लागते. बिया बदल.

आता पत्राचं कारण. येत्या गुरुवारी मी ब्लॉगवर चूक कबूल करणार आहे, त्यासाठी तुझी परवानगी नकोय. पण एकोणीस मिनिटं का गेली हे सांगायचं तर समोर कोण बसलं होतं ते लिहावं लागेल. मग माझं नाव उघडं पडेल, त्याची माझी तयारी आहे. तुझ्या सुपाची बाजू बहिणीनेच घेतली असंही लोक म्हणतील, ते मात्र तुला सोसावं लागेल. म्हणून विचारते. तो माझा भाऊ होता, असं लिहू का? बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
धाकटी