अलीकडचं झुडूप

भंडारदरा, ९ जानेवारी १९४६

ती. बाबांच्या चरणी लीनाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी बेताची आहे, आईने विणलेला स्वेटर पुरतो. तिचा खोकला थांबला का? आणि इंदूला माझ्या पेटीला हात लावू देऊ नका.

कॉलेजातल्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना हवं असलेलं वाळुंजाचं झुडूप नदीकाठी सापडलं. याची पानं अरुंद, म्हणून सर ही वेगळी जात मानतात. पण मादीफुलं तपासल्याशिवाय ते ठरत नाही. वाळुंजात नर आणि मादी झाडं निराळी असतात. अलीकडच्या काठावर मला सगळे नरच दिसले.

म्हणून मी ज्यांच्या घरी उतरले आहे ते मच्छिंद्रभाऊ सकाळी मादीफुलं आणायला नदीपलीकडे गेले. "धरनाचं पानी सुटायच्या आत येतो, ताई," म्हणाले. पाणी सुटून बराच वेळ झाला. नदी दोन्ही थड्या भरून वाहते आहे. माणूस पट्टीचा पोहणारा आहे, तेव्हा काळजी नाही. आईला मात्र हे वाचून दाखवू नका.

काठावर नुसतं बसवेना, म्हणून पाठीमागच्या खुरट्या झुडपाची डहाळी तोडून भिंगाखाली धरली. मादीफुलं होती, बाबा. एवढंसं झुडूप फुलावर आलं नसणार, असं धरून सकाळी मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

भाऊंची बायको मनकर्णा शेजारी बसली आहे. पाण्यावरची नजर न काढता तिने आत्ताच विचारलं, "ताई, ह्ये फूल लई मोठ्या औशदाचं आसंल, न्हाई का?"

मी मूठ मिटून घेतली आहे.

तुमची
लीना