उंबराखाली माझी राख नको

मी, विजयश्री ज्योतीराम सरवदे, वय सत्तावीस, राहणार चिखली, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, आणि ती बदलण्यासाठी येत्या गुरुवारी माझी शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले आणि लगेच संमतीपत्र पुढे केले. ती सही त्यांच्यासाठी होती. ही माझ्यासाठी आहे.

वाटून द्यावे असे माझ्याकडे फारसे काही नाही. हा कागद मुख्यतः एकाच गोष्टीसाठी आहे. मी परत आले नाही, तर माझा देह कोणाच्या हाती जावा? त्यावर दोन ठिकाणांहून हक्क सांगितला जाईल. एका ठिकाणी मीच तसा शब्द देऊन बसले आहे. दुसरे ठिकाण माझे घर आहे, आणि त्या घरात माझे वडील गेल्या डिसेंबरपासून माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत.

कलम १. आधी बोललेली इच्छा रद्द

चाकणच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठच्या माळावर दर डिसेंबरात धरित्री मेळा भरतो. लोक तंबूत राहतात, शेकोटीभोवती नाचतात, सूर्य, पाणी, झाड आणि माती यांना देव मानतात. ग्रंथ नाही, पुरोहित नाही. ते स्वतःला पेगन म्हणवतात. त्याचे तिकीट मला परवडणारे नव्हते, पण उभारणी पथकात काम करणाऱ्यांना प्रवेश फुकट असतो. पाहुणे येण्याआधी माळ साफ करायचा, तंबू ठोकायचे, संडासाचे खड्डे खणायचे, शेकोटीसाठी दगडांचे कडे रचायचे. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी प्रथम गेले आणि नंतर रजा साठवून जात राहिले.

का जात राहिले ते लिहून ठेवते, कारण आईला ते कधी कळले नाही. तिथे आडनाव सांगायची पद्धत नव्हती. प्रत्येकाने एका झाडाचे नाव घ्यायचे. मी पळस होते. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जे काहीतरी हलते, ते मी शाळेत पाहिले, कॉलेजात पाहिले, कंपनीच्या मुलाखतीतही पाहिले. माळावर ते दिसले नाही. तेवढ्यासाठी मी संडासाचे खड्डे आनंदाने खणले. दरवर्षी खड्ड्यांच्या कामाला कोण उरते आणि कंदील टांगायच्या कामाला कोण जाते, हेही दिसत होते. तो योगायोग असेल असे मी स्वतःला सांगत राहिले.

उभारणी संपली की पथकाचा एक रिवाज असतो. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी सगळे शेकोटीच्या कड्याभोवती बसतात आणि प्रत्येक जण आपली माती सांगतो, म्हणजे मी कुठून आले आणि शेवटी कुठे जाणार. दोन वर्षांपूर्वी माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या आजोबांविषयी, धोंडीबा सरवद्यांविषयी सांगितले. गावच्या मरीआईच्या गाड्यापुढे हलगी वाजवायचे काम आमच्या घराकडे होते. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, त्या दिवशी त्यांनी हलगी चुलीत घातली आणि तिच्यावर भाकरी भाजल्या. मी म्हणाले, "त्या चुलीतून मी आले आहे." फोनमधला त्यांचा फोटोही दाखवला. आणि शेवटी कुठे जाणार, तर माळावरच्या उंबराखाली माझी राख टाका, असे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण रडले.

ती इच्छा मी या कलमाने रद्द करते. तिला कायद्यात किंमत नसेल, पण ऐकणाऱ्यांनी ती मनावर घेतली आहे. माझ्या शस्त्रक्रियेची बातमी कळल्यावर मेळ्याच्या आयोजक मोनिकाताईंनी निरोप पाठवला: "घाबरू नकोस पळस. काही झालंच तर उंबर आहे, आणि आम्ही आहोत. खूप सुंदर निरोप देऊ तुला." त्यांच्या सुंदरचा अर्थ मला ठाऊक आहे. तो कलम ३ मध्ये लिहिला आहे.

कलम २. देह

माझे डोळे दान करावेत. बाकीचा देह माझे वडील ज्योतीराम धोंडीबा सरवदे यांनी ताब्यात घ्यावा. त्रिसरण-पंचशील व्हावे, पांढरे वस्त्र असावे आणि घरातून न्यावे. कोणी माझ्याभोवती कडे करून उभे राहू नये. कोणी माझ्या कपाळाला काहीही लावू नये. कोणी काहीही वाजवू नये.

वडील आले नाहीत, तर हेच सारे माझा भाऊ बुद्धरत्न याने करावे. त्याला मी कालच सांगून ठेवले आहे. "तू गप बस गं, काही होत नाही तुला," एवढेच तो म्हणाला आणि माझी गाडी पुसायला खाली गेला. ती दुचाकी मी त्याच्या नावे करते. आजवर त्याने ती कधीच पुसली नव्हती.

कलम ३. मोनिकाताई

यांच्यासाठी एक हलगी आणि एक लाल लुगडे ठेवत आहे. दोन्ही त्यांचेच आहे.

गेल्या डिसेंबरात मी उभारणीला पोहोचले तेव्हा कड्याच्या मधोमध तीन बांबूंच्या तिकटीवर नवी कोरी हलगी टांगलेली होती. कमानीला मोठा फलक होता. त्यावर माझे आजोबा होते. मी फोनमध्ये दाखवलेलाच फोटो, पण कपाळावर मळवट भरलेला. खाली लिहिले होते: मरीआईच्या मूळ सेवेकऱ्यांची नात पहिला ठोका देणार.

मी विचारले, "ताई, हे काय आहे?"

"सरप्राइज! अगं, ती गोष्ट ऐकल्यापासून मला झोप नव्हती. किती मोठं नुकसान झालं तुमच्या घराण्याचं! एवढी परंपरा, आणि चुलीत गेली. ते आपण तुला परत मिळवून देतोय."

"नुकसान झालं नाही ताई. त्यांनी मुद्दाम जाळली."

"तेच तर! किती वेदना असेल त्यांना. म्हणूनच तू वाजवायची."

"मला वाजवता येत नाही."

"येतं गं. रक्तात असतं ते."

रक्तात, म्हणजे जन्मावरूनच काम ठरलेले. आजोबांनी जन्मभर ज्या शब्दाशी भांडण केले, तोच शब्द त्या प्रेमाने माझ्या गळ्यात घालत होत्या. त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. कपट असते तर मला राग धरायला सोपे गेले असते.

मी वाजवली नाही. उद्घाटनाला त्यांनी दुसऱ्या एका मुलीला लाल लुगडे नेसवले. शेवटी "तुझ्या हक्काचं आहे" म्हणून हलगी आणि लुगडे माझ्या पिशवीत कोंबले. मी ते घरात आणले नाही, कंपनीतल्या माझ्या लॉकरात आहे. चावी बुद्धरत्नकडे आहे. दोन्ही वस्तू त्याने त्यांच्या दारात ठेवाव्यात आणि चहा न घेता परत यावे. आजोबांचा तो फोटो त्यांनी जिथे जिथे लावला असेल तिथून काढावा. त्या फोटोवर मेळ्याचा कसलाही हक्क नाही. माफी मागितली तर ऐकून घ्यावी, पण माझ्या वतीने कोणी "असू दे" म्हणू नये.

कलम ४. वडिलांना

बँकेत माझी जी शिल्लक असेल ती सर्व वडिलांना द्यावी. ते भोसरीच्या फाउंड्रीत भट्टीवर होते. त्या पगारावर मी शिकले.

त्या फलकाचा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. मी माळावरून घरी आले तेव्हा वडील दारातच बसले होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे कोण हाय?"

"आजोबा."

"माझ्या बापाच्या कपाळाला कुणी लावलं हे?"

मी सगळे सांगितले. मी फक्त गोष्ट सांगितली होती, अभिमानाने सांगितली होती, असे म्हणाले.

"अभिमानानं," ते म्हणाले. "माझ्या बापानं चुलीत घातली ती तू बाहेर काढून दिलीस त्यांना. बी.एस्सी. झालीस म्हणून."

एवढेच. तेव्हापासून ते मी असलेल्या खोलीत बसत नाहीत. दवाखान्याच्या फेऱ्यांना बुद्धरत्न येतो. माझी गोष्ट चोरली गेली, माझ्याच आजोबांना रंगवले गेले, आणि माझ्याच घरात मी आरोपी आहे. हे मला पटलेले नाही. या कागदावरही पटलेले नाही असेच लिहिते. तरीही देह त्यांनीच न्यावा. दुसऱ्या कोणाच्या हाती मला द्यायचा नाही.

कलम ५. अवजारे आणि इतर

माझा तंबू, खुंट्या, फावडे, लोखंडी घण आणि दोरखंड अंबूबाईंना द्यावेत. माळाला लागून त्यांचे शेत आहे आणि पथकाचा स्वयंपाक त्या करतात. आम्ही उंबराला मिठी मारून उभे असताना त्यांनी एकदा विचारले होते, "पोरींनो, मिठ्या मारायला एवढ्या लांब आलाय. चिखलीत झाडं न्हाईत व्हय?" त्या माळावर मी मनापासून हसले ती तेव्हाच.  फलक लागला त्या दिवशी माझ्या हातावर भाकरी ठेवून त्या शेजारी बसल्या. तंबूचे त्या काय करतील ते करोत. कांदे झाकले तरी चालेल.

आई कस्तुरा हिला माझे कानातले आणि पदवीचे प्रमाणपत्र. ते भिंतीवर लावायला तिने खिळा केव्हाच ठोकून ठेवला आहे. फ्रेम आणायचे माझ्याकडून राहिले. पुस्तके विहारातल्या वाचनालयाला द्यावीत. मुलींना घरी न्यायला द्यावीत, कपाटात कोंडू नयेत.

उभारणी पथकाचा प्रमुख गणराज याला काही नाही. तो फलक त्यानेच चढवला. मी बांबूला हात घातला तर म्हणाला, "राव विजू, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. एक ठोका मार आणि मोकळी हो. एवढं काय त्यात?" तरीही या कागदाला साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे. पथकातल्याच माणसाने पथकाला दिलेला शब्द रद्द होताना पाहावा, असे मला वाटते.

पुरवणी (आजच, दुपारी)

गणराज आला नाही. "सॉरी विजू, या वर्षीच्या उभारणीची मीटिंग लागली," असा त्याचा निरोप आला. सोबत हृदयाचे चित्र होते.

पहिले साक्षीदार, शेजारचे मालोजीकाका, देहूरोडच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, चष्मा लावून बसून होते. ते म्हणाले, "एका सहीनं भागत नाही बेटा. दोन लागतात. आणि ज्याला यातून काही मिळणार, त्यानं साक्षीला उभं राहू नये, उगाच पुढं वाद होतो. बघ, कोण आहे."

मी पाहिले. आईला काही ना काही मिळणार होते, भावाला मिळणार होते. खालच्या दुकानदाराला बोलवावे असे बुद्धरत्न म्हणत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून वडील बाहेर आले. माझ्याकडे न पाहता त्यांनी मालोजीकाकांना विचारले, "काय लिहायलीय ती?"

"तुम्हीच वाचा की ज्योतीराम."

ते खाली बसले आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचू लागले. त्यांना वेळ लागतो. आईने दोनदा चहा केला. कलम ३ त्यांनी परत वाचले. कलम ४ वर बोट बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "हे पैशाचं काढ. आईच्या नावानं कर."

मी म्हणाले, "बाबा, ते तुमच्यासाठी ठेवलंय."

"मला देऊ नको काही. घेतलं तर सही करता येत न्हाई म्हणतेत मालोजी." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "आन् दोन नंबरला ते खालचं लिहिलंस, मी आलो न्हाई तर बुद्धरत्न. तेबी काढ. तो कशाला?"

त्यावरून कलम ४ मधील शिल्लक वडिलांऐवजी आई कस्तुरा ज्योतीराम सरवदे हिला द्यावी, आणि कलम २ मधील भावाविषयीची तरतूद रद्द समजावी. दोन्ही बदल मी साक्षीदारांसमोर केले आहेत.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

(सही) विजयश्री ज्योतीराम सरवदे

तिने आमच्या समोर आणि आम्ही तिच्या समोर सही केली:

१. (सही) मालोजी रामभाऊ रणदिवे, राहणार चिखली
२. (सही) ज्योतीराम धोंडीबा सरवदे, राहणार चिखली. मुलीचा बाप. मला यातून काही मिळणार नाही. गुरुवारी तिच्यासोबत दवाखान्यात मी जाणार आहे.

ठिकाण: चिखली, पिंपरी-चिंचवड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५