घरट्यातला थोरला

९ एप्रिल

लहानाला आज काही मिळालं नाही. गरुडीण मासा घेऊन आली, फाडायला लागली, आणि मोठं पिल्लू पुढे येऊन बसलं ते बसलंच. पहिला घास त्याचा, दुसरा त्याचा, तिसराही. लहानाने मान पुढे केली की मोठ्याची चोच त्याच्या डोक्यात. शेवटी लहान घरट्याच्या काठाकडे तोंड करून बसलं, जणू त्याला भूक नव्हतीच.

मी हातातली पँट तशीच धरून बघत होतो. मास्तर म्हणाले, "पाय शिवतोस की पिल्लं पाळतोस?"

घरट्यावरचा कॅमेरा कुठल्याशा लांबच्या डोंगरात, एका झाडावर बसवलेला आहे. रात्रंदिवस चालू. मला तो परवा सापडला. मोबाइल रिळांच्या डब्याला टेकवून ठेवतो, आवाज बंद. काम थांबत नाही. फारसं.

११ एप्रिल

मावशीने पिल्लांना नावं दिली. मावशी नात्यातली नाही, दुकानात काजं-बटणं करते, पण गिऱ्हाइकंही तिला मावशीच म्हणतात. मोठा तो हावऱ्या आणि लहान तो बापुडा.

दादा मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "बापुडा कोण ते मोबाइलमध्ये कशाला बघायचं? इथेच बसलाय, बाजूला."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत झोंबत राहिलं.

आमची मशिनं शेजारी-शेजारी. मधल्या स्टुलावर डबा, आईने दोघांत मिळून दिलेला. तो दादा आधी उघडतो. नेहमी. उकडलेल्या अंड्यांतलं मोठं उचलतो आणि वर विचारतो, "तुला चालेल ना?" तोंडात घातल्यावर विचारतो!

१५ एप्रिल

मास्तरांचा हात थरथरतो. आज कोटाच्या कापडावर त्यांनी खडूची रेघ मारली, पुसली, परत मारली, परत पुसली. मग कात्री खाली ठेवून खुर्चीवर बसले.

"एवढे कोट पुरे करतो," म्हणाले, "मग टेबल सोडतो. तुमच्यातला एक कापेल, एक शिवेल."

दादाने विचारलं, "कोण काय करणार?"

मास्तरांनी माझ्या मोबाइलकडे हनुवटी केली. "पिल्लं उडाली की सांगतो."

आमच्या दुकानात कापणारा एकच. टेबल एक, मोठी कात्री एक, आणि त्या कात्रीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मास्तरांच्या मास्तरांपासून चालत आलंय. टेबल लांबच्या लांब भिंतीला लावलेलं, त्याच्यापुढे एकच माणूस उभा राहतो. दिवा डावीकडे टांगलेला, म्हणजे उजव्या हाताने कापणाऱ्याची सावली रेघेवर पडत नाही.

मी डावखुरा. माझी सावली बरोबर रेघेवर पडते. अस्तर कापायची जुनी कात्रीसुद्धा उजव्या हाताची. मी धरली की वरचं पातं रेघ झाकून टाकतं. मान वाकडी करून कापावं लागतं. कापतो रेघेवरच. फक्त वेळ लागतो.

मला ते टेबल हवंय. इथे लिहायला हरकत नाही, दुसरीकडे कुठे बोलणार? शिवणारा दुसऱ्याने आखलेलं जोडत बसतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी तेच करतोय. एकदा तरी कोरं कापड समोर यावं आणि पहिली रेघ माझी असावी.

१६ एप्रिल

वाचलं, की काही जातींत थोरलं पिल्लू धाकट्याला मारून टाकतं आणि आईबाप मधे पडत नाहीत. त्याला भ्रातृहत्या म्हणतात. शब्द दोनदा तपासून लिहिला.

हे वाचायला नको होतं.

२२ एप्रिल

आज बापुड्याने कमाल केली. हावऱ्या आईसमोर पंख पसरून बसला होता, नेहमीसारखा, सगळी वाट अडवून. बापुड्याने एकदा माशाकडे, एकदा आईकडे बघितलं. मग काठाकाठाने सरकत पूर्ण वळसा घालून गरुडिणीच्या पलीकडे गेला आणि माशाच्या शेपटीकडून खायला लागला. हावऱ्या इकडून, तो तिकडून. भांडणच नाही.

मावशी म्हणाली, "बाई गं! पोटात गेल्याशी मतलब."

दादाही मशीन थांबवून उभा होता. "ह्याला बापुडा कोण म्हणालं? चांगला बेरकी आहे की." मग बराच वेळ तिथेच उभा राहिला. मास्तर खाकरले तेव्हा हलला.

२९ एप्रिल

रात्री दादाचे पाय माझ्या अंथरुणात. ढकलले. परत आले. झोपेतही त्याला जागा जास्त लागते.

३ मे

आज एक केलं. दादाने एका कोटाचं अस्तर घाईत लावलं, काखेपाशी टीप वाकडी गेली. इस्त्रीसाठी घड्या घालताना मी तो कोट मुद्दाम उलटा ठेवला, वाकडी टीप वर येईल असा. मास्तर तिथून जाणारच होते. त्यांनी बघितलं आणि सगळं उसवायला लावलं.

दादाने कोट मांडीवर घेतला. उसवत बसला. माझ्याकडे एकदा बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

वाकडी होतीच टीप. मी काही खोटं केलं नाही.

४ मे

डबा उघडला तर दादाने मोठं अंडं उचललं नव्हतं. मीही उचललं नाही. दोन्ही घरी परत आली. आईने विचारलं, "का रे, नासकी निघाली का?"

१२ मे

पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक माणूस दोर लावून झाडावर चढला. पिल्लांना एकेक करून पिशवीत घातलं, मापं घेतली, पायात कडी अडकवली आणि परत ठेवलं. हावऱ्याने त्याच्या हातमोज्याचा लचका तोडला. बापुडा मुकाट पडून राहिला. दुकानातलं एकही मशीन चालू नव्हतं. मास्तर म्हणाले, "माप घेताना टेप कसा सैल धरलाय बघा. शिका जरा."

उद्या माहिती देणार आहेत.

१३ मे

लिहायला बसलोय पण काय लिहावं कळत नाही.

कॅमेऱ्याच्या वेबसाइटच्या पानावर आलंय, की लहान आहे तो नर, आणि तो आधी जन्मलेला. मोठी आहे ती मादी, मागून जन्मलेली. गरुडांत मादी नराहून आकाराने मोठीच होते. तिने वाढीत थोरल्याला कधीच मागे टाकलं.

म्हणजे बापुडा थोरला. हावऱ्या धाकटी! मी बघायला लागलो तेव्हा ती आधीच त्याच्याहून मोठी झाली होती, आणि मी धरूनच चाललो की मोठं दिसतं ते थोरलं. एवढी साधी गोष्ट, आणि मी तपासली नाही. मी, जो बटणसुद्धा मोजून लावतो.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीच्या हातातलं काज राहिलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे इतके दिवस तू दादाची बाजू घेऊन रडत होतास की रे!"

दादाने दोरा ओवता-ओवता म्हटलं, "मी ओरडून सांगत होतो. धाकट्यांना खायला घाला, डोक्यावर बसतात."

१४ मे

अगदी सुरुवातीचं चित्रीकरण शोधून बघितलं. धाकटी अंड्यातून नुकतीच निघालेली, कापसाच्या बोंडाएवढी. आणि बापुडा तिला बडवतोय! म्हणजे तोही काही संत नव्हता. तिने ते सगळं खाल्लं आणि वाढली.

दुपारी एका गिऱ्हाइकाचा कोट ट्रायलरूममध्ये ठेवायला गेलो, दादा आधीच आत होता. आरशात दोघं एकदम दिसलो. दादा माझ्या खांद्याला लागतो. त्याला वाट द्यायला मी सरकलो, तर मी सरकल्याने आणखीच जागा अडली. तो म्हणाला, "किती वाढशील? दाराची चौकट काढावी लागेल तुझ्यासाठी."

२० मे

आई आणि मी बटाटे सोलत होतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, दादा डबा नेहमी आधी का उघडतो.

"आधी उघडला नाही तर त्याला मिळायचं का काही?" आई म्हणाली. "लहानपणी तू आजारी. तुझं तू खायचास आणि मग त्याच्या ताटाकडे बघून भोकाड पसरायचास. की मी त्यालाच म्हणायची, दे रे, आजारी आहे. तो बिचारा घास तोंडात कोंबून पळायला शिकला. अजून तसाच जेवतो, बघतोस ना? कोणी पाठीमागे लागल्यासारखा."

मला यातलं काही आठवत नाही. मला फक्त त्याने मोठं अंडं उचललेलं आठवतं.

आई म्हणाली, "हातातली सुरी ठेव आधी. बटाटा संपला कधीच, बोट सोलशील."

२ जून

घरट्यात एकच पिल्लू. हावरी. एकटीच उभी, खाली वाकून बघतेय.

सकाळपासून बापुडा नाही. घरटं झाडाच्या शेंड्याजवळ आहे, खाली नुसते खडक. पानावर काही लिहिलेलं नाही. मावशीने विचारलं, "पडला का रे?" मी पान पुन्हा उघडून बघितलं. हावरीने माशाला तोंडसुद्धा लावलेलं नाही. मासा तिच्यासमोर अख्खा पडलाय आणि अडवायला कोणी नाही, तरी खात नाही.

दादा दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरात, आणि म्हणाला, "एवढ्यात सुतक धरू नकोस. बेरकी आहे तो."

मी आज दोन बाह्या उलट्या जोडल्या. डावीच्या जागी उजवी. दादाने मास्तरांच्या नजरेस पडायच्या आत ओढून घेतल्या आणि स्वतःच्या मशीनवर उसवल्या.

३ जून

सापडला! कोणीतरी कॅमेरा वर वळवला. घरट्याच्या वरच्या फांदीवर बसलाय, पंख अर्धवट उघडून, जणू घाम वाळवतोय. उडून गेला आणि परत आला. तो हलका, आणि तोच थोरला, म्हणून तो आधी.

मावशीने मास्तरांना म्हटलं, "उडालं पिल्लू. सांगा आता."

"एक उडालंय," मास्तर म्हणाले. "मी पिल्लं म्हणालो होतो."

मी दादाला अस्तराचं सांगायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "माहीत आहे. टीप वाकडीच होती. मशीन चालव."

९ जून

हावरीही उडाली. आधी चार वेळा काठावर येऊन मागे फिरली. मग वाऱ्याचा झोत आला आणि तिची इच्छा असो-नसो, गेली.

दुकानात सगळे मास्तरांकडे बघायला लागले. सगळ्यांना माहीत होतं पुढे काय.

१० जून

मास्तरांनी कात्री दादाला दिली. फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळलेली. म्हणाले, "तुझा हात चालतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी रेघ चांगली आहे रे. पण ते टेबल तुझ्या हाताचं नाही."

बरोबर आहे. दादा थोरला आहे, हात भरभर चालतो, गिऱ्हाइकांशी बोलता येतं त्याला. सगळी कारणं बरोबर आहेत. मी म्हटलं, "छान झालं." नीट म्हटलं. मग उरलेल्या पँटचे पाय शिवले. सरळ आले.

दादाने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर आईला म्हणाला, उद्या सुट्टी असली तरी तो दुकानात जाणार. मी म्हटलं, येतो मदतीला.

"तू येऊ नकोस," म्हणाला.

११ जून

राजा आज आपली गादी झाडायला गेलाय. मी घरी.

असं लिहायला नको होतं. लिहिलं तर लिहिलं.

घरटं रिकामं आहे. तरी बघत बसलो. संध्याकाळी बापुडा मासा घेऊन घरट्यात उतरला. हावरी कुठूनशी आरडाओरडा करत आलीच, पंख पसरून. तो सरकला. दोघं दोन टोकांकडून खात होते. दादा घरी आला तर त्याच्या कोपरांना खरचटलेलं आणि केसांत भिंतीचा चुना. तसाच झोपला. पाय माझ्या अंथरुणात.

१२ जून

टेबल भिंतीला नाही. दुकानाच्या मधोमध आहे, चारी बाजूंनी मोकळं, आणि दिवा त्याच्या बरोबर वर. अलीकडच्या बाजूला दादा कापत होता. पलीकडे एक कात्री ठेवलेली, नवी. हातात घेतली तर पातं उलट्या अंगाला. डाव्या हाताची आहे. रेघ पूर्ण दिसते.

तिचं खोकं खाली पडलं होतं. टपालाचा शिक्का एप्रिलचा, नाव दादाचं.

दादा कापडावरून नजर न काढता म्हणाला, "तिकडून काप. आणि कोपर लावू नकोस मला."

मोठं अंडं मात्र त्यानेच घेतलं.